बानाबाईचा गुडघा

बानाबाईला कारची धडक बसली तेव्हा सगळी मेंढरं जळगाव रोड ओलांडून पलीकडं गेली होती. मागं राहिली होती एक खोडकर शेळी आणि तिला हाकणारी बानाबाई. शेळी पळाली. बानाबाईला पळता आलं नाही.

गेल्या वर्षीची, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली ही गोष्ट. हर्सूलच्या पुढं, सावंगीजवळ, टेकडीच्या पायथ्याला तिचं दोन खोल्यांचं घर. घरात तीनच माणसं: ती, नवरा मल्हारराव आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला जाणारा मुलगा अजिनाथ. मल्हाररावाला दमा, त्याला टेकडी चढवत नाही. त्यामुळं चाळीस मेंढरं आणि सहा शेळ्या चारून आणणं हे तिचंच काम होतं. वय बावन्न, पण रोजचे सात-आठ किलोमीटर ती सहज चालायची आणि घरी येऊन उकिडवं बसून धारा काढायची.

कारवाला पळून गेला नाही, एवढा त्याचा भलेपणा म्हणायला हवा. त्यानंच तिला गाडीत घालून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि पोलिसांपुढं आपली चूक कबूल केली. गाडीचा विमा होता. धडक कोणाच्या चुकीनं बसली यावर पुढं कधी वाद झालाच नाही. वाद झाला तो गुडघ्यावर.

डाव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं. घाटीत ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि सात स्क्रू बसले. दोन महिने पाय सरळ ठेवून ती खाटेवर पडून होती. तोपर्यंत मेंढरं चुलत दिराकडं अर्धलीनं गेली, म्हणजे सांभाळायची त्यानं आणि पिल्लांत निम्मा वाटा त्याचा. मार्चमध्ये घाटीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळलंय, आता फिजिओथेरपी करा, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. रोज घाटीत जाणं जमणार नव्हतं. हर्सूलला बाजाराच्या गल्लीत सुकेशनी नावाच्या मुलीचं एका खोलीचं क्लिनिक होतं. बजाजनगरला कामगाराच्या घरात वाढलेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बोलायला हळू. अजिनाथ आईला तिथं घेऊन गेला.

"मावशी, पाय किती वाकतो बघू."

"वाकतच नाय. लाकूड झालंय त्याचं."

सुकेशनीनं प्लास्टिकची दोन पात्यांची पट्टी गुडघ्याला लावली, एक पातं मांडीच्या रेषेत, दुसरं पिंढरीच्या रेषेत. "अडतीस अंश," ती म्हणाली आणि एका पिवळ्या कार्डावर लिहिलं. मग पेन हातातच ठेवून तिनं विचारलं, "या पायानं तुम्हाला काय काय करायचंय?"

बानाबाईला प्रश्नच उमगेना. डॉक्टरांनी दुखतंय का विचारलं होतं, पोलिसांनी गाडी कुठल्या बाजूनं आली विचारलं होतं. तुला काय करायचंय, असं कोणी विचारलं नव्हतं.

"टेकडी चढायचीय," ती जरा थांबून म्हणाली. "उकिडवं बसून धार काढायचीय. कोकरू उचलून घ्यायचंय. मेंढरू कुणाच्या रानात शिरलं तर पळत जाऊन वळवायचंय. अन् भुईवर बसून जेवायचंय."

सुकेशनीनं पाचही गोष्टी तिच्याच शब्दांत लिहून घेतल्या, जशाच्या तशा.

पहिले पंधरा दिवस बानाबाई दर वेळी रडली. आधी गरम शेक, मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मग टाच खाटेवरून घासत मागं ओढायची. शेवटी सुकेशनी दोन्ही हातांनी पाय धरून हळूहळू वाकवायची. त्या वेळी बानाबाईच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"दिसायला तू लई गरीब हायस पोरी," एकदा ती कळवळून म्हणाली, "पन तुझ्या हाताला दया नाय."

"दया केली तर पाय तसाच राहील मावशी. अजून पाच वेळा."

दर आठवड्याला पट्टी लागायची आणि कार्डावर नवा आकडा चढायचा. पन्नास, बासष्ट, ऐंशी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गुडघा ब्याण्णव अंशांवर आला. काठी टेकत बानाबाई घराभोवती फेऱ्या मारू लागली. शेजारणी बघायला यायच्या आणि ती त्यांना पाय वाकवून दाखवायची.

नेमका त्याच सुमाराला घरी शिनगारे आला. कोर्टाची कामं करून देतो म्हणून फिरणारा हा एजंट. अजिनाथच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं. त्यानं खाटेवर बसून चहा घेतला, घाटीचे कागद चाळले आणि बानाबाईच्या पायाकडं बघून तोंड वाकडं केलं.

"माय, बरं व्हायची एवढी घाई कामून करायल्या? अपंगत्वाचा दाखला निघेपर्यंत पाय हाय तसा राहू द्या. जेवढे टक्के तेवढा पैसा. माझ्या हातानं पंधरा-पंधरा लाख मिळालेत लोकांना. अन् तुमी पैसे देऊन टक्के कमी करून घ्यायल्या!"

शिनगारे गेल्यावर मल्हारराव म्हणाला, "बाजारात मेंढरू इकायला नेलं तर चांगलं चालून दाखवावं लागतं. हा गडी म्हनतो, लंगडं दाखव. मला काय हे पटत नाय."

पण अजिनाथला ते पटलं होतं. त्याला पैशाची हाव सुटली होती असं नाही. तो घाबरला होता. आईचं चारणं बंद, बापाला दमा, कळपात आता निम्मा वाटा, आणि त्याची स्वतःची नोकरी कंत्राटी. "माय, हे एकदाच मिळनार हाय," तो म्हणाला. "दाखला निघू दे, मग कर की व्यायाम. दोन-तीन महिन्यांनी काय बिघडतंय?"

बानाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि बरं म्हणाली. हर्सूलला जाणं बंद झालं. सुकेशनीचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा अजिनाथनं आई गावाला गेलीय म्हणून सांगितलं.

सहा आठवडे असेच गेले. पहिल्या आठवड्यात तिला बरं वाटलं, कारण दुखणं नव्हतं. मग सकाळी उठताना गुडघा कुरकुरू लागला. पुढं पायऱ्या उतरताना पाय पुढं टाकण्याऐवजी ओढावा लागू लागला. घरात कोणी विषय काढत नव्हतं. शिनगारे मात्र आज होईल, उद्या होईल करत होता.

जूनमधल्या एका सकाळी अजिनाथ कामावर होता आणि मल्हारराव मेंढरं बघायला चुलतभावाकडं गेला होता. गोठ्यातून शेळीचं ओरडणं आलं. बानाबाई काठी टेकत गेली. शेळी कोपऱ्यात आडवी पडली होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत अडकलेला. अशी पिल्लं तिनं आजवर कितीतरी सोडवली होती. खाली बसायचं, हात घालायचा, दुमडलेला पाय सरळ करायचा आणि कळ आली की ओढायचं. ती बसायला गेली आणि गुडघा वाकलाच नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तर तोल जाऊन भिंतीवर आपटली. शेळीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

मग बानाबाईनं काठी टाकली आणि ती शेणामुतात सरळ आडवी झाली. कुशीवर पडून तिनं हात घातला, चाचपडत दुमडलेला पाय शोधला, सरळ केला आणि कळ येताच ओढलं. पिल्लू बाहेर आलं. तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, पाठ चोळली, तेव्हा ते शिंकलं. शेळी वाचली, पिल्लूही वाचलं. पण बानाबाईला उठता येईना. तासाभरानं मल्हारराव आला तेव्हा ती तशीच गोठ्यात पडलेली होती आणि नवं पिल्लू तिच्या पोटाशी झोपलं होतं.

त्यानं धापा टाकत तिला उठवून बसवलं.

"उद्या मी हर्सूलला जानार," बानाबाई म्हणाली. "अजूला मीच सांगते."

संध्याकाळी तिनं सांगितलं. अजिनाथनं आईच्या कोपराला खरचटलेलं बघितलं आणि खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच शेअर रिक्षानं गेली. सुकेशनीनं पट्टी लावली. ब्याण्णव अंशांचा गुडघा सहासष्टवर आला होता.

"गावाला होतात ना मावशी?"

"नाय. गावाबिवाला कुठं नव्हते." आणि बानाबाईनं होतं तसं सगळं सांगून टाकलं, एजंटाचं, दाखल्याचं, गोठ्यातलंही.

सुकेशनीनं कार्ड पुढं सरकवलं. "मधले सहा आठवडे रिकामे दिसतायत. का आला नाहीत ते मला लिहावं लागेल. लिहिलं की ते कायमचं राहील. लिहू ना?"

"हाय ते लिव. खोटं कामून लिवायचं?"

सुकेशनीनं लिहिलं: घरच्यांच्या व बाहेरच्या सल्ल्यावरून सहा आठवडे उपचार बंद; कोन ब्याण्णववरून सहासष्ट; गोठ्यात खाली बसता आलं नाही. खाली सही आणि तारीख टाकली. मग एका चिठ्ठीवर रत्नमाला नावाच्या वकीलबाईंचा नंबर लिहून दिला. "या अपघाताच्या केसेस चालवतात. माझ्या दोन पेशंटचं काम त्यांनी नीट केलंय. एकदा विचारा तरी."

रत्नमालाबाईंचं ऑफिस अदालत रोडला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. जिने चढताना बानाबाईला तीनदा थांबावं लागलं. बाईंनी आधी कागद वाचले, मग कार्ड वाचलं, मग अजिनाथला समोर बसवलं.

"दावा दाखल झालाय?"

"शिनगारे म्हनले, करतो."

"कागदांवरून दिसतंय, केलेला नाही. पण अजून मुदतीत बसतंय, आपण या आठवड्यात टाकू. आता नीट ऐक. दाखल्यावरचे टक्के ही एक गोष्ट आणि या पायामुळं तुझ्या आईचं काम किती गेलं ही दुसरी. कोर्ट दुसरीकडं जास्त बघतं. एखादा माणूस ऑफिसात बसून काम करतो, त्याचा गुडघा अर्धा वाकला तरी पगार चालू राहतो. तुझी आई मेंढरांमागं चालते, तिचं काम पायावरच आहे. पण हे दाखवायचं कशानं? तर अशा कार्डानं. आणि ज्यानं मधेच उपचार सोडले त्याला विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते, उपचार घेतले असते तर ही बरी झाली नसती कशावरून?"

अजिनाथचा चेहरा उतरला. "मग ते सहा आठवडे?"

"ते विचारणारच," रत्नमालाबाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं की आपण बघू. तोपर्यंत एक दिवस चुकवायचा नाही."

अजिनाथनं शिनगारेकडून कागद परत आणले. शिनगारेनं थोडी कटकट केली, मग दिले.

त्यानंतर बानाबाईनं खरंच एक दिवस चुकवला नाही. पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी साचलं तेव्हा अजिनाथनं तिला मोटरसायकलवर बसवून क्लिनिकच्या पायरीशी सोडलं. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी तो घरी तिच्याबरोबर बसून वेळा मोजायचा. पाटावर चढ-उतर, भिंतीला पाठ लावून खाली सरकणं, पायाला वाळूची पिशवी बांधून उचलणं. आकडे पुन्हा चढू लागले. ऑगस्टमध्ये शंभर झाले. सप्टेंबरअखेर एकशे बारा झाले आणि तिथं थांबले. ऑक्टोबरमध्ये एकशे बारा, नोव्हेंबरमध्ये एकशे बारा, डिसेंबरमध्ये एकशे अकरा.

"मावशी, खरं सांगू?" सुकेशनी म्हणाली. "आता यापुढं फारसं जाईल असं वाटत नाही. आहे ते टिकवायचं."

बानाबाई त्या दिवशी घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मल्हाररावानं दगड-माती आणून गोठ्यात कमरेएवढा ओटा बांधायला घेतला. शेळी ओट्यावर चढवायची आणि बाईनं उभ्यानं धार काढायची. चार दिवसांत ओटा झाला. शेळ्यांना सवय लागायला आठ दिवस लागले.

सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला मिळाला, वीस टक्क्यांचा. शिनगारेचे पंधरा लाख अजिनाथच्या डोक्यात कुठंतरी असणारच.

मार्चमध्ये लोकअदालत भरली. जिल्हा कोर्टाच्या आवारात मांडव, खुर्च्या, आणि माणसांची ही गर्दी. दुपारी पुकारा झाला. टेबलापलीकडं निवृत्त न्यायाधीश बसले होते, शेजारी आणखी एक वकील. एका बाजूला विमा कंपनीचे वयस्कर वकील आणि एक अधिकारी, दुसऱ्या बाजूला रत्नमालाबाई. बानाबाईला खुर्ची दिली. अजिनाथ तिच्या मागं उभा राहिला.

कंपनीचे वकील सभ्य माणूस होते, आवाज चढवला नाही. "साहेब, दोन मुद्दे आहेत. एक, गुडघा एकशे बारा अंश वाकतो असं यांचंच कार्ड सांगतं, म्हणजे बाई बऱ्याच सुधारल्यात. दुसरा, मधे सहा आठवडे उपचारच नाहीत. एक तर तेव्हा त्यांना गरज नव्हती, किंवा त्यांनी हलगर्जीपणा केला. त्याचा भार कंपनीवर का?" आणि त्यांनी दोन लाखांच्या आसपासचा आकडा सांगितला.

रत्नमालाबाई बोलायला लागल्या, पण न्यायाधीशांनी हात वर केला आणि थेट बानाबाईलाच विचारलं.

"बाई, हे सहा आठवडे तुम्ही गेला का नाहीत?"

खोटं बोलायचं तर दहा कारणं होती, ताप होता, पैसे नव्हते, गावाला होते. खरं सांगितलं तर खुर्चीमागचा पोरगा उघडा पडत होता.

"साहेब, मला सांगितलं, पाय वाकू देऊ नको, पैसे जास्ती मिळत्यात. म्हनून गेले नाय."

"कोणी सांगितलं?"

"बाहेरच्यानं सांगितलं, घरात पटलं. पन पाय माझा होता, साहेब. ऐकलं मी. मंग गोठ्यात शेळी अडली अन् मला खाली बसता येईना. तवा कळलं पैसा घेऊन मी कुठं जाऊ. दुसऱ्याच दिवशी गेले. तवापासून एक बी दिवस चुकवला नाय, इचारा त्या पोरीला."

कंपनीच्या वकिलांनी चष्मा काढून पुसला. न्यायाधीशांनी कार्ड जवळ ओढलं आणि बोट ठेवून ती ओळ वाचली. "हे तर त्याच दिवशी लिहिलंय," ते म्हणाले. "तारीख आहे. केस दाखल व्हायच्या आधीचं आहे."

आता रत्नमालाबाई बोलल्या. "साहेब, सहा आठवड्यांत जे बिघडलं ते बाईंनी स्वतःच्या कष्टानं भरून काढलंय. सहासष्टचे एकशे बारा केलेत. आणि मग चार महिने तोच आकडा आहे. जेवढं बरं होण्यासारखं होतं तेवढं झालं. उरलंय ते आता जन्मभर राहणार, आणि अजून व्यायाम केला असता तर, असं आता कोणालाच म्हणता येणार नाही. काय उरलंय तेही बघा." त्यांनी कार्डाचं पहिलं पान उघडलं. "पाच गोष्टी आहेत. कोकरू उचलता येतं, पाटावर बसून कसंबसं जेवता येतं. टेकडी, उकिडवं बसणं, पळणं, तिन्ही नाही. आणि साहेब, मेंढपाळाचं पोट त्या तिन्हींवरच आहे."

न्यायाधीशांनी अधिकाऱ्याकडं बघितलं. अधिकारी फोन घेऊन मांडवाबाहेर गेला. दहा मिनिटं गेली. बानाबाई आपला गुडघा चोळत बसली. अजिनाथचा हात तिच्या खांद्यावर होता.

अधिकारी परत आला. थोडी घासाघीस झाली. फिजिओथेरपीची सगळी बिलं, बुडालेली कमाई, पुढच्या उपचारांसाठी काही रक्कम असं धरून पाच लाख ऐंशी हजारांवर तडजोड झाली. महिनाभरात पैसे जमा होतील असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि बानाबाईला विचारलं, "मान्य आहे ना बाई? मनाविरुद्ध काही नाही?"

"कबूल हाय साहेब." तिनं रत्नमालाबाईंकडं बघितलं, त्या हसत होत्या. मग तिनं सही केली, एकेक अक्षर जोडत.

मांडवाबाहेर आल्यावर अजिनाथ एका झाडाखाली उभा राहिला आणि तोंडावर हात ठेवून रडला. "माय, मला वाटलं मी सगळं घालवलं. वरीस झालं, रोज हेच वाटायलंय."

"मंग आता नको वाटून घेऊ," बानाबाई म्हणाली. "आबाला फोन लाव. ते बी दम धरून बसले असतील." मल्हाररावानं फोनवर आकडा दोनदा विचारला, मग एवढंच म्हणाला, "बरं झालं बाबा. सुटलो. या जेवायला."

सुकेशनीलाही फोन झाला. ती आनंदानं ओरडलीच, आणि लगेच म्हणाली, "मावशी, मंगळवारी यायचंय, विसरू नका."

परतीला दोघं काळीपिवळी जीपमध्ये बसली. खिडकीतून वारा येत होता. हर्सूल यायच्या आधीच अजिनाथची मान कलंडली आणि डोकं आईच्या खांद्यावर आलं. तो लहानपणी झोपायचा तसा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. बानाबाई हलली नाही. तिचा पाय अवघडला होता, तरी हलली नाही.

सावंगीचा फाटा आला तसा ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "मावशी, फाटा आला. उठवू का पोराला?"

"नको दादा," बानाबाई हळूच म्हणाली. "झोपू द्या त्याला. आमी पुढच्या थांब्यावर उतरतो, अन् चालत येतो माघारी."